विमान म्हातारे कधी होते? वर्ध्याच्या प्रवाशाने विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना खापरीच्या पुढे डाव्या हाताला विमानतळाची हद्द लागते. या बाजूने उतरणारे विमान वर्धा रोड ओलांडून धावपट्टीवर जाते, तेही इतके खालून की बसमधले लोक बोलणे थांबवून खिडकीबाहेर पाहतात. पंखे फिरताना दिसले की शेरा ठरलेला असतो: ‘जुनं खटारं दिसतंय.’ पंखे नसलेले, निमुळत्या नाकाचे छोटे जेट असेल तर तेच लोक म्हणतात, ‘हे नवीन आहे.’

दोन्ही अंदाज सहज चुकू शकतात. पंख्यांची एटीआर-७२-६०० ही मालिका २०११ मध्ये सेवेत आली. इंडिगो आणि अलायन्स एअर हीच विमाने वापरतात. उलट कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाच्या स्टार एअरने जानेवारी २०१९ मध्ये सेवा सुरू केली ती ५० आसनी ईआरजे-१४५ जेटने, आणि हे मॉडेल १९९० च्या दशकातले आहे. पंख्यांवरून वय कळत नाही. आणि खरे तर वय कळूनही फारसे काही कळत नाही.

पंधरा वर्षांचा हिशेब इथे चालत नाही

गाडीचे वय वर्षांत मोजायची आपल्याला सवय आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकरण होत नाही, मग ती तहसीलदारांची जीप असो की महामंडळाची बस. पंधरा झाली, भंगारात. समजायला सोपे.

विमानाला हा नियम लावला तर जगातल्या निम्म्या कंपन्या अडचणीत येतील. विमानाच्या सांगाड्याचे वय मोजतात ते ‘सायकल’मध्ये. एक उड्डाण आणि एक लँडिंग म्हणजे एक सायकल, एसटीच्या भाषेत एक फेरी. नागपूर-बेळगाव ही एक सायकल आणि मुंबई-न्यूयॉर्क हीसुद्धा एकच. पहिली तासा-दीड तासात संपते, दुसरीला पंधरा तास लागतात, पण सांगाड्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच.

कारण आहे हवेचा दाब. ३५ हजार फुटांवर बाहेरची हवा इतकी विरळ असते की माणूस शुद्धीवर राहणार नाही. म्हणून केबिनमध्ये दाब भरतात आणि आतले वातावरण सुमारे ८ हजार फुटांवरच्या डोंगरासारखे ठेवतात. आत-बाहेरच्या दाबातला फरक जेट विमानात चौरस इंचाला ८ पौंडांच्या आसपास जातो. आकडा किरकोळ वाटेल, पण चौरस मीटरमध्ये बदलून पाहा. सांगाड्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर आतून साडेपाच टनांच्या आसपास रेटा! विमान वर गेले की सांगाडा किंचित फुगतो, खाली आले की पुन्हा बसतो. प्रत्येक फेरीला एकदा.

बांधकामावर सळया बांधायची तार असते, ती हाताने ओढून तुटत नाही. पण एकाच जागी इकडे-तिकडे वाकवत राहिली की दहा-वीस वेळांत कट्कन तुटते. धातूचा हा थकवा, इंजिनीअरिंगमध्ये ‘फटीग’. विमानाच्या सांगाड्यात हीच गोष्ट हजारो पट सावकाश घडते, आणि सुरुवात होते रिव्हेटच्या छिद्राच्या कडेला, डोळ्याला न दिसणाऱ्या भेगेपासून.

प्रवासी जेट युगाने हा धडा जीव देऊन शिकला. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ब्रिटिश बनावटीची दोन कॉमेट विमाने इटलीजवळ समुद्रावर हवेतच फुटली. मग शास्त्रज्ञांनी एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरला आणि सोडला. सुमारे ३ हजार फेऱ्यांनंतर त्याची केबिन फाटली. तेव्हापासून प्रत्येक नव्या मॉडेलचा एक सांगाडा जमिनीवरच हजारो वेळा ‘उडवून’ पाहतात.

हवाईचे ७३७ आणि नागपूरचे डाकोटा

छोट्या अंतरावर सतत उडणाऱ्या विमानाचे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अलोहा एअरलाइन्सचे आहे. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर या कंपनीच्या बोइंग ७३७ चे छत हवेत असताना पुढच्या भागात अक्षरशः उघडे पडले. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. वैमानिकांनी ते विमान तसेच उतरवले आणि बाकीचे ९४ जण वाचले. विमान १९६९ चे, म्हणजे १९ वर्षांचे. हवेत काढलेले तास सुमारे ३५ हजार, जे त्या वयाला फार नाहीत. पण सायकल होत्या ८९,६८०! एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, दिवसभर. ज्या मॉडेलची रचना ७५ हजार फेऱ्या गृहीत धरून झाली होती, त्याने जवळपास ९० हजार केल्या होत्या. त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेने गंज धरला होता आणि भेगा तपासणीत सुटल्या होत्या.

आता याच्या अगदी उलटे उदाहरण, आणि ते नागपूरचे आहे. १९४९ च्या जानेवारीत देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून चार विमाने रात्री निघायची आणि मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतायची. १९७३ पर्यंत ही सेवा चालली. सुरुवातीच्या काळात त्यावर डाकोटा विमाने होती, म्हणजे डीसी-३. या मॉडेलचे पहिले उड्डाण १९३५ चे, आणि जगात काही डाकोटा अजूनही उडतात. ऐंशी वर्षे वयाची विमाने! यात जादू काही नाही. डाकोटाच्या केबिनमध्ये दाब भरतच नाहीत. ते खालून उडते, फुगत नाही, म्हणून त्या प्रकारे थकतही नाही.

फेऱ्या कमी असूनही विमान धोकादायक होऊ शकते, हेही इथे सांगायला हवे. १९८५ च्या ऑगस्टमध्ये जपान एअरलाइन्सचे बोइंग ७४७ कोसळून ५२० जण गेले. विमान अवघे ११ वर्षांचे होते. सात वर्षांपूर्वी त्याची शेपटी धावपट्टीला घासली होती, मागच्या दाबरोधक भिंतीची दुरुस्ती झाली होती, आणि त्या दुरुस्तीत एक सांधा नियमाप्रमाणे जोडला गेला नव्हता. पुढच्या १२ हजारांवर फेऱ्यांनी तो सांधा थोडा थोडा करून तोडला.

म्हणजे ‘विमान किती वर्षांचे?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी हाती फारसे काही लागत नाही. किती फेऱ्या झाल्या आणि त्या काळात कोणी, कसे तपासले, हे विचारायला हवे.

छोट्या विमानाला आयुष्य किती?

प्रादेशिक विमाने, मग ती जेट असोत की पंख्यांची, सुरुवातीपासूनच भरपूर फेऱ्या गृहीत धरून बनवतात. एटीआर-७२ ची रचना ७० हजार उड्डाणे धरून केलेली आहे. ढोबळपणे या वर्गातली विमाने ६० ते ८० हजारांच्या घरात बसतात. तुलनेसाठी, जुन्या बोइंग ७४७ ची रचना २० हजार फेऱ्यांसाठी होती. जम्बो जेटपेक्षा आपले छोटे विमान तिप्पट-चौपट फेऱ्या सोसते, हे बसच्या खिडकीतून पाहून कुणाला खरे वाटणार नाही.

आता साधा गुणाकार करू. एक विमान दिवसाला ८ फेऱ्या करते आणि तपासणी-दुरुस्तीचे दिवस वगळून वर्षात ३०० दिवस उडते असे समजा. वर्षाला २,४०० फेऱ्या झाल्या. या वेगाने ६० हजारांपर्यंत जायला २५ वर्षे लागतात. दिवसाला चारच फेऱ्या झाल्या तर ५० वर्षे. लांब पल्ल्याचे मोठे विमान दिवसाला सरासरी एक फेरी मारते. त्याचे हवेतले तास छोट्या विमानाच्या दुप्पट असतील, पण फेऱ्या सातव्या हिश्श्याइतक्याच.

सांगाडा सोडून बाकीचे भाग आपापले घड्याळ लावून बसलेले असतात. इंजिनातल्या गरगर फिरणाऱ्या चकत्यांना ठरावीक सायकलची मुदत असते. ती संपली की चकती कितीही ठणठणीत दिसो, काढून टाकावी लागते. लँडिंग गिअर साधारण दहा वर्षांच्या आसपास किंवा ठरलेल्या लँडिंगनंतर पूर्ण खोलतात. दर दीड-दोन वर्षांनी ‘सी-चेक’ येतो, तेव्हा विमान कित्येक दिवस हँगरमध्ये उघडून ठेवतात. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की हवा विरळ होते, उड्डाणाला इंजिनावर जास्त जोर द्यावा लागतो आणि धावपट्टी लांब लागते. विदर्भातल्या दुपारच्या उड्डाणाने इंजिन थंड प्रदेशातल्यापेक्षा लवकर झिजते.

या सगळ्यावर खर्च केला तर विमान चालत राहते. ज्या दिवशी पुढच्या मोठ्या तपासणीचा खर्च विमानाच्या किमतीपेक्षा जास्त भरतो, त्या दिवशी ते मोडीत निघते. अमेरिकेत ५० आसनी सीआरजे-२०० विमाने मोठ्या संख्येने वाळवंटात नेऊन उभी केली, ती बहुतेक सांगाडा थकला म्हणून नाही. इंधन महागले आणि ५० तिकिटांत ते भागेना.

विमान टिकते, कंपनी टिकत नाही

आपल्याकडे मात्र गोष्ट तिथपर्यंत जातच नाही.

चेन्नईच्या पॅरामाउंट एअरवेजने ऑक्टोबर २००५ मध्ये ब्राझिलियन एम्ब्रेअर जेट आणून दक्षिणेत सेवा सुरू केली. २०१० मध्ये ती बंद पडली. विजयवाड्याच्या एअर कोस्टाने ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच घराण्यातली जेट घेतली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये थांबली. ज्या विमानांची रचना पंचवीस-तीस वर्षांसाठी झाली, ती चालवणाऱ्या कंपन्या पाच वर्षे आणि साडेतीन वर्षे जगल्या.

लांब कशाला, गोंदियाचेच पाहा. मार्च २०२२ मध्ये बिरसी विमानतळावरून फ्लाय बिगने इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू केली. फुले, फीत, पाण्याचे फवारे, सगळे झाले. काही महिन्यांतच सेवा बंद. गोंदियाला पुन्हा विमान आले ते १ डिसेंबर २०२३ ला, इंडिगोचे, हैदराबाद आणि तिरुपतीसाठी. मधल्या काळात धावपट्टी तिथेच होती, प्रवासीही तिथेच होते.

देशपातळीवरचे चित्र कॅगने २०२३ मध्ये मांडले. ‘उडान’ योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ मार्गांनीच अनुदानाची तीन वर्षे पूर्ण केली. आणि अनुदान संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ५४. शंभरात सात.

असे का होते, याचे उत्तर पुन्हा फेऱ्यांच्या गणितात आहे. छोट्या कंपन्यांची विमाने बहुतेक लीजवर असतात. भाडे महिन्याचे असते, विमान उडो वा उभे राहो. रोजचे भाडे आठ फेऱ्यांत वाटले तर प्रत्येक फेरीवर जेवढे ओझे पडते, चार फेऱ्यांत वाटले तर त्याच्या दुप्पट पडते. सत्तर जागांच्या विमानात हे ओझे वाटून घ्यायला माणसेही कमी. म्हणून कंपनी विमानाला दिवसभर दामटते: सकाळी एक गाव, मग दुसरे, मग तिसरे. पहिल्याच गावी धुके पडले आणि दीड तास उशीर झाला की तो उशीर दिवसभर पुढे सरकतो आणि संध्याकाळी कुठली तरी एक फेरी रद्द करावी लागते. कोणती, हे सांगायला नको. ज्या गावाहून दिवसाला दहा विमाने सुटतात तिथली ती नसते.

विमानाचा अतिवापर धोकादायक, असा एक सूर अशा वेळी निघतो. तपासणी वेळेवर होत असेल तर तो बरोबर नाही. भरपूर उडणारे विमान पैसे कमावते आणि त्या पैशातून त्याची देखभाल होते. काळजी करावी ती कमी उडणाऱ्या, भाडे थकलेल्या, सुट्या भागांची वाट पाहत उभ्या असलेल्या विमानाची. जमिनीवर उभे विमान झिजत नाही असे वाटते, पण सील वाळतात, ओल धरते, गंज चढतो. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये उड्डाणे थांबवली तेव्हा तिच्या ताफ्यात पन्नासहून अधिक विमाने होती. बरीचशी कमी वयाची, पण इंजिनांच्या प्रश्नाने निम्मी आधीच जमिनीवर.

मुक्कामी गाडीसारखे मुक्कामी विमान

वर्धा जिल्ह्याला यात काय? जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही आणि व्हायचीही गरज नाही. नागपूर पाऊण-शे किलोमीटरवर आहे आणि रस्ता चांगला आहे. पण १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली, आणि आर्वी-आष्टी-तळेगाव पट्ट्यातल्या माणसासाठी हिशेब बदलला. त्याला नागपूरपेक्षा अमरावती जवळ. धावपट्टी १,८५० मीटरची, एटीआरला पुरेशी. सेवा सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवस.

तीन दिवस म्हणजे सोमवारी मुंबईला गेलेल्या माणसाने बुधवारपर्यंत थांबायचे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातून एखाद्याला टाटा रुग्णालयात दाखवायला सांगितले, किंवा एखाद्या मुलीला मुंबईत मुलाखत आहे, तर त्यांचे काम विमानाच्या वारावर बेतून होत नाही. ते नागपूर गाठतात, नाहीतर समृद्धी महामार्गाने निघतात. ५ जून २०२५ पासून तो मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला आहे. मग आसने रिकामी राहतात, आणि रिकामी आसने दाखवून ‘प्रतिसाद नाही’ असा निष्कर्ष निघतो.

खेड्यातल्या माणसाला मुक्कामी गाडीचे मोल कळते. एसटी रात्री गावात थांबते आणि पहाटे सुटते, म्हणून तालुक्याचे काम करून त्याच दिवशी परतता येते. छोट्या विमानतळालाही तेच हवे. पहाटे मुंबईकडे, रात्री परत, विमानाचा मुक्काम इथे. त्यासाठी रात्रीची दिवाबत्ती, रात्रपाळीचे कर्मचारी आणि पहाटेची तपासणी करू शकणारा अभियंता लागतो. लोकप्रतिनिधी ‘जेट आणा, मोठे विमान आणा’ अशी मागणी करतात, ती फोटोसाठी बरी. सत्तर आसनी एटीआरची रोजची, ठरल्या वेळेची फेरी दीडशे आसनी विमानाच्या साप्ताहिक फेरीपेक्षा केव्हाही चांगली.

हा अभियंता फार दूरून आणावा लागणार नाही. मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेले देखभाल-दुरुस्ती केंद्र २०१५ पासून चालू आहे. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, पण हे केंद्र चालवणारी एआयईएसएल आणि अमरावतीला येणारी अलायन्स एअर, दोन्ही सरकारकडेच राहिल्या. मोठ्या बोइंगचे पोट उघडणारे हात नागपुरात आहेत. छोट्या विमानांच्या देखभालीची फळी याच वर्धा रोडवर उभी राहिली तर अमरावती, गोंदिया, नांदेड सगळ्यांच्या रद्द होणाऱ्या फेऱ्या कमी होतील. वर्ध्याच्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना काम मिळेल, हा वरचा फायदा.

मोबाइलवर काय पाहाल?

विमानाच्या मागच्या भागावर ‘व्हीटी’ने सुरू होणारा क्रमांक असतो. उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या ॲपमध्ये तो टाकला की विमानाचे वय दिसते, आधी ते कुठे उडत होते तेही बऱ्याचदा कळते. सायकल किती झाल्या हे मात्र सामान्य प्रवाशाला दिसत नाही. कंपनीकडे ती नोंद प्रत्येक उड्डाणानंतर होते. जुने विमान परदेशातून आणताना डीजीसीए स्वतः वयाच्या जोडीला दाबाच्या सायकलची अट घालते. म्हणजे नियामकाला जो आकडा महत्त्वाचा वाटतो, तोच प्रवाशापासून दूर आहे. गाडीचा फिटनेस आणि विमा मोबाइलवर तपासता येतो, मग विमानाच्या झालेल्या फेऱ्या आणि शेवटच्या मोठ्या तपासणीचा महिना का नको? त्याच पानावर मार्गनिहाय ठरलेल्या किती फेऱ्या झाल्या आणि किती रद्द, हेही द्यावे. ‘उडान’चे पैसे मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर लावलेल्या अधिभारातून आणि राज्याच्या वाट्यातून येतात. नागपूर-मुंबई तिकीट काढणारा वर्धेकर ते भरतोच आहे.

अमरावतीची तीन वर्षे धरली तर एप्रिल २०२८ मध्ये पूर्ण होतील. आठवड्याला तीन दिवस, येताना एक आणि जाताना एक, म्हणजे सहा फेऱ्या. वर्षाला ३१२. तीन वर्षांत, एकही रद्द झाली नाही तर, ९३६. ज्या विमानाची रचना ७० हजारांसाठी आहे त्याच्या आयुष्यातल्या हजार फेऱ्याही यात खर्च होणार नाहीत, आणि मार्ग ठेवायचा की बंद करायचा याचा निर्णय तेव्हा झालेला असेल.